आर्झांतय येथील पानगळ

फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याचे १८७३ मधील निसर्गचित्र. माध्यम : कॅनव्हासवर तैलरंग. आकार : ५५ × ७४.५ सेंमी. संग्रह : कोर्टोल्ड गॅलरी, लंडन.

पार्श्वभूमी : आर्झांतय हे पॅरिसच्या वायव्येस सेन नदीकाठी वसलेले गाव. १८५१ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली. नौकाविहारासाठी पॅरिसकरांची ये-जा सुरू झाली, तसे कारखानेही वाढले. मोने डिसेंबर १८७१ मध्ये तेथे राहावयास आला आणि १८७८ पर्यंत राहिला. दोबीन्यी या ज्येष्ठ निसर्गचित्रकाराप्रमाणे त्यानेही एका नावेवर छोटी खोली उभारून तिची चित्रशाळा केली होती. त्या नावेत बसून चित्र काढणारा मोने चित्रकार एद्वार माने याने १८७४ मध्ये रंगविला आहे. प्रस्तुत चित्रही या नावेतून काढले असावे. चित्राच्या खालच्या कडेपासूनच पाणी सुरू होते. पाहणाऱ्याला उभे राहायला काठच नाही.

रचना व तंत्र : दोन्ही बाजूंना पिवळी-नारिंगी झाडी, मधून वाहणारा नदीचा फाटा आणि पलीकडे फिकट निळसर गाव व त्याचा उंच मनोरा अशी मांडणी आहे. गावाच्या पायथ्याशी ओढलेला गडद निळा आडवा पट्टा मुख्य प्रवाह सुचवितो आणि सगळी खोली तोलून धरतो. नारिंगी व निळा हे परस्परपूरक रंग शेजारी आल्याने दोन्ही अधिक उजळ भासतात. छाया काळ्या-तपकिरी न राहता निळ्या-जांभळ्या होतात. झाडे आणि त्यांची प्रतिबिंबे जवळपास सारख्याच रंगांत असली, तरी पर्णसंभार प्रतिबिंबांपेक्षा तुटक, जाड फटकाऱ्यांचा आहे. उजवीकडच्या झाडात मोनेने कुंचल्याच्या दांड्याचे टोक ओल्या रंगावर ओढले आहे. त्या ओरखड्यांमुळे दाट रंगाचा थर मोकळा होऊन पानांतून खेळणारा उजेड जाणवतो. गावातल्या कारखानदारीकडे मात्र चित्रात लक्ष वेधलेले नाही.

महत्त्व : दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांचे पहिले प्रदर्शन एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसला, छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत भरले आणि त्यानंतरच या संप्रदायाला नाव मिळाले. त्याच्या तंत्राची मुख्य अंगे त्याआधीच्या या चित्रात स्पष्ट दिसतात. पानगळीचा पारंपरिक विषादही येथे नाही. ऋतू हे मोनेला रंगसंगतीचे निमित्त आहे. कृत्रिम रेशमाचे ब्रिटिश उद्योजक सॅम्युएल कोर्टोल्ड यांच्या संग्रहातील हे चित्र १९३२ मध्ये त्यांच्या देणगीतून आजच्या संग्रहात आले.