फुकटची झाडलोट आणि २०१७ साल

विंडोज संगणक मंदावला की एखादे फुकटचे ‘सफाई’ सॉफ्टवेअर आजमावून पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. तिच्या इतिहासात २०१७ हे साल मोलाचे.

त्या वर्षी २१ फेब्रुवारीस केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झाले. बॉटनेटच्या जाळ्यात सापडलेले संगणक हेरायचे, इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांमार्फत मालकास कळवायचे आणि शुद्धीकरणाची साधने विनामूल्य द्यायची, अशी योजना होती. विंडोजसाठीचे साधन पुण्याच्या क्विक हीलने पुरवले. सी-डॅकच्या ‘यूएसबी प्रतिरोध’ने पेनड्राइव्हवर पहारा बसवला, तर ‘ॲपसंविद’ने मान्य यादीतल्याच प्रोग्रॅमांना वाट दिली. (नावे संस्कृतप्रचुर, काम मात्र रोखठोक.)

पुढे १५ ऑगस्टला सीक्लीनर या लोकप्रिय सफाई-साधनाची ५.३३ ही आवृत्ती आली. तिच्या ३२-बिट रूपात घातक कोड दडवलेला होता, आणि तोही निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून वाटला गेला. डिजिटल स्वाक्षरी अस्सल. मग शंका यावी कोणास? सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत ती पोहोचल्यावर, सप्टेंबरात प्रकरण उघडकीस आले. हल्लेखोरांचा डोळा प्रत्यक्षात मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता. दुसऱ्या टप्प्यातला कोड जेमतेम चाळीस संगणकांवर उतरला.

‘अधिकृत ठिकाणाहूनच डाउनलोड करा’ हा तोवरचा शहाणा सल्ला येथे निरुपयोगी ठरला, कारण घुसखोर निर्मात्याच्याच जाळ्यात मार्चपासून दबा धरून बसले होते.