पडद्यावरची पहिली मोहिनी

कमलाबाई गोखले यांचा जन्म १९०० सालचा. माहेरचे आडनाव कामत. आई दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि मुलीला घेऊन नाटकात उतरल्या. त्या काळी एकट्या बाईने पोटासाठी तोंडाला रंग लावणे म्हणजे नात्यागोत्याला कायमचे मुकणे. दुर्गाबाईंनी ते पत्करले. कमलाही नीट कळायच्या वयाआधीच रंगमंचावर आली आणि तिचे बालपण नाटकमंडळीच्या बिऱ्हाडात, गावोगावच्या मुक्कामांत गेले.

मराठी रंगभूमीला तेव्हा स्त्रीभूमिकांसाठी स्त्रीची गरजच वाटत नव्हती. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिले नाटक केले. तेव्हापासून लुगडे नेसून उभे राहायचे ते पुरुषांनीच. बालगंधर्वांनी तर ही रीत इतक्या उंचीवर नेली की प्रेक्षकांतल्या स्त्रियाच त्यांच्या साडीची आणि दागिन्यांची नक्कल करीत. स्त्रियांच्या काही नाटकमंडळ्या होत्या, पण प्रतिष्ठित मंडळ्यांच्या बरोबरीचे स्थान त्यांना नव्हते.

चित्रपट करू निघालेल्या दादासाहेब फाळके यांच्यापुढेही हाच पेच आला. ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांनी नटीचा शोध घेतला. प्रतिष्ठित घरातली बाई येईना आणि कलावंतिणींच्या वस्तीतही कोणी टिकेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा तरुण तारामती झाला. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला.

त्याच वर्षी फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ करायला घेतला आणि या वेळी त्यांना मायलेकी मिळाल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या, तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली. भारतीय चित्रपटात स्त्रीने काम करण्याची सुरुवात या दोघींपासून मानली जाते. कथेची निवडही गमतीची होती. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल, असा वर मिळालेला भस्मासुर खुद्द शंकराच्याच मागे लागतो. विष्णू मोहिनीचे रूप घेऊन नाचतो आणि तिच्या हालचालींची नक्कल करता करता असुर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. पुरुष स्त्री झाल्याची ही गोष्ट. नाटकात ती रोज रात्री घडत होती. पडद्यावर मात्र स्त्री झालेल्या विष्णूच्या जागी खरीच मुलगी उभी राहिली.

मूकपटाला ही कथा सोयीचीही होती. संवाद नाहीत, गाणे नाही. सगळी मदार नाचावर, डोळ्यांवर आणि हातांच्या खुणांवर. चित्रण दिवसाच्या उन्हात चाले. हाताने फिरवायचा कॅमेरा जवळ आला की पुरुष नटाच्या रंगवलेल्या गालाखालची दाढीची छटा लपत नसे. रंगमंचावर दूरच्या दिव्यात खपून जाणारे पडद्यावर खपणे कठीण होते.

अमेरिकेतल्या नटी लिलियन गिश यांची सुरुवात कमलाच्या सुरुवातीशी आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. वडील घर सोडून गेले, आई नटी झाली आणि मुली लहानपणीच फिरत्या नाटकमंडळ्यांत गेल्या. १९१२ मध्ये लिलियन दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्या मूकपटांत आल्या. पुढची वाट मात्र वेगळी. तिथे चित्रपट हा झपाट्याने मोठा उद्योग झाला आणि गिश त्याच्या तारका झाल्या. इथे फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटांतही साळुंकेच लागत. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. दुर्गाबाई-कमलांनी दार उघडले खरे, पण त्यांच्यामागून लगेच रांग लागली नाही.

कमला पुन्हा नाटकातच रमली. चित्ताकर्षक नाटक मंडळीतले नट रघुनाथराव गोखले यांच्याशी तिचे लग्न झाले. रघुनाथराव पूर्वी किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करीत. आता नायिका बायकोच, तेव्हा ते पुरुष भूमिकांत उभे राहिले. मराठी नाटकातले स्थित्यंतर एकाच संसारात घडले, असे म्हणता येईल. पुढे रघुनाथराव अकाली गेले आणि तीन मुलांची जबाबदारी कमलाबाईंवर पडली. वैधव्य आले म्हणून रंग पुसता येईना, कारण घर त्यावरच चालत होते. गरज पडली तेव्हा त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या.

स्त्रीची भूमिका स्त्रीने करणे प्रतिष्ठित मराठी रंगभूमीला मान्य व्हायला आणखी वेळ लागला. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणले, त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केल्याचा गाजावाजा झाला. ‘मोहिनी भस्मासुर’ला तेव्हा वीस वर्षे होत आली होती.

बोलपट आल्यावर कमलाबाई पुन्हा कॅमेऱ्यापुढे आल्या. नाटकात कमावलेला आवाज आता उपयोगी पडला. अधूनमधून त्यांनी अनेक वर्षे चित्रपटांत कामे केली. १९८० च्या ‘गहराई’तही त्या दिसतात. त्यांच्या मुलांपैकी चंद्रकांत गोखले नाटक-चित्रपटांतले नामांकित नट झाले. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. अभिनेते विक्रम गोखले हे चंद्रकांत यांचे पुत्र.

रीना मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. तेव्हा नव्वदीतल्या कमलाबाई जुन्या नाटकांबद्दल स्वतःच्या तोंडून बोलल्या. ज्या मोहिनीला पडद्यावर एक शब्दही उच्चारता आला नव्हता, तिचा आवाज असा चित्रफितीवर राहिला.