सव्य-अपसव्य

फिरण्याची दिशा सांगणाऱ्या संज्ञा. आज आपण ‘घड्याळाच्या काट्याप्रमाणे’ म्हणतो. काटे नव्हते तेव्हा दिशा अंगावरून ठरे. देव उजव्या हाताला ठेवून फिरणे म्हणजे प्रदक्षिणा. ती सव्य, उलटी ती अपसव्य. संस्कृतात मात्र सव्य म्हणजे डावा. म्हणूनच श्राद्धात जानवे डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतले की ते अपसव्य. हा घोळ कोशकारांनाही चुकलेला नाही.

सिद्धटेकला (ता. कर्जत, जि. अहिल्यानगर) उजव्या सोंडेच्या सिद्धिविनायकाला प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला वळसा पडतो. शिवालयातील सोमसूत्री प्रदक्षिणेत अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ ओलांडत नाहीत. तिथून मागे फिरतात, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही दिशा येतात.

घड्याळाच्या काट्यांनी उत्तर गोलार्धातील छायायंत्राची चाल उचलली. अहिल्यानगर सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने तिथे साधारण मध्य मे ते जुलैअखेर सूर्य मध्यान्ही डोक्याच्या उत्तरेला जातो. या काळात अंगणात रोवलेल्या उभ्या काठीची सावली भर दुपारी दक्षिणेकडे पडते आणि काट्याच्या उलट सरकते.