तळटीप : यीस्टमधील एका विकराची तहकुबी व बरतर्फी

* ‘ग्लुकोज मिळताच विकर नाहीसे होते’ असे ग्रंथकारांनी येथे जे एका वाक्यात उरकले आहे, त्यात दोन निराळ्या प्रक्रियांची गल्लत होते. प्रस्तुत विकर म्हणजे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटेज. एथॅनॉल वा अ‍ॅसिटेट यांवर निर्वाह करणारी यीस्टची पेशी त्याच्या साहाय्याने स्वतःची साखर घडविते. परंतु बाहेरून ग्लुकोज येऊ लागल्यावर साखर घडविणे व मोडणे हे दोन्ही व्यवहार एकदम चालू राहिले तर एटीपीचा निष्फळ व्यय होईल, म्हणून पहिला व्यवहार थांबविणे तिला भाग पडते. कार्लोस गान्सेडो यांनी १९७१ साली नोंदविलेल्या या घटनेचा पुढील उलगडा बव्हंशी फ्रायबुर्ग येथील हेल्मुट होल्झर यांच्या प्रयोगशाळेत झाला : सायक्लिक एएमपीच्या आज्ञेतील प्रोटीन कायनेज काही मिनिटांतच विकराच्या अकराव्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट जोडते आणि त्याची क्रियाशीलता मंदावते. ही निव्वळ तहकुबी होय. फॉस्फेट निघताच विकर पुन्हा कामावर रुजू होऊ शकते. ग्लुकोज टिकून राहिले, तर मात्र बरतर्फीचा हुकूम सुटतो. जीआयडी नामक प्रथिनसंघातील जीआयडी४ हा घटक विकराच्या आरंभीचे प्रोलीन ओळखतो, संघ त्यावर युबिक्विटिनची साखळी चढवितो, आणि प्रोटिअसोम त्याचे तुकडे करते. (दीर्घ उपासमारीनंतर ग्लुकोज मिळाल्यास रिक्तिकेतही त्याचा नाश झाल्याचे आढळले आहे.) फॉस्फेटाची जोडणी ही या नाशाची अपरिहार्य पूर्वअट आहे की काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद असल्याने जुन्या पाठ्यपुस्तकांतील ठाम विधाने जपूनच वाचावीत. — संपादक