पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेचं दार कुणी उघडलं?



गेल्या महिन्यात आमच्याकडे चांगलाच वाद झाला. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीसाठी तिच्यापुढे दोन पर्याय होते: कंपनीत चांगल्या पगाराची इंटर्नशिप, नाहीतर तिच्याच विद्यापीठातल्या प्राध्यापिकेच्या लॅबमध्ये जेमतेम मानधनावर काम. मी पडले सीए. एक्सेल उघडलं, भाडं, जेवण, प्रवास मांडला आणि निकाल दिला, "लॅब तोट्यात." ती म्हणाली, "आई, तू एकच बाजू भरलीस." म्हटलं, दुसऱ्या बाजूला काय लिहायचं ते तरी बघू. म्हणून वाचायला बसले.

पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड म्हणजे हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेला माणूस. 1943 मध्ये सुट्टीवर असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? झटपट फोटोच्या कॅमेऱ्याची सुरुवात त्या प्रश्नातून झाली, असं ते सांगत. 1948 मध्ये तो कॅमेरा बाजारात आला.

मे 1957 मध्ये याच लँडनी एमआयटीत भाषण दिलं. म्हणणं साधं होतं. मुलं काहीतरी मोठं करायच्या उमेदीने येतात आणि आपण त्यांना वर्षानुवर्षं नुसती व्याख्यानं ऐकायला आणि परीक्षा द्यायला लावतो. त्यापेक्षा आल्या आल्याच प्रत्येकाला स्वतःचं संशोधन द्या, आणि वाट दाखवायला कुणी जाणतं माणूस.

भाषणातली कल्पना प्रत्यक्षात यायला 12 वर्षं लागली. 1969 मध्ये मार्गारेट मॅकविकार यांनी एमआयटीत 'यूआरओपी' सुरू केलं, पदवीच्या मुलांनी प्राध्यापकांसोबत संशोधन करायचा कार्यक्रम. सुरुवातीच्या पैशाला लँड यांचा हातभार होता. मॅकविकार तिथल्याच विद्यार्थिनी, 1964 ला पदवी, 1967 ला डॉक्टरेट. कार्यक्रम सुरू केला तेव्हा वय 25-26! मुलांसाठी वेगळे लुटुपुटुचे प्रयोग नाहीत. प्राध्यापकाचं जे खरं संशोधन चालू आहे, त्यातच शिरायचं. मोबदला म्हणून क्रेडिट किंवा पगार. 1985 मध्ये त्या पदवी शिक्षणाच्या पहिल्या डीन झाल्या. 1991 मध्ये, अवघ्या 47 व्या वर्षी, कॅन्सरने गेल्या.

पुढे हे लोण पसरलं. 1987 पासून अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन 'आरईयू' या नावाने उन्हाळी संशोधनाला पैसे देते. (त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-4 वरच्या मुलांच्या पालकांनी हे आधीच लक्षात घ्यावं.) आपल्याकडे मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 मध्ये पदवीच्या मुलांसाठी असाच राष्ट्रीय उपक्रम सुरू केला.

वाचता वाचता मला माझी आर्टिकलशिप आठवली. स्टायपेंड इतका, की लोकलचा पास आणि वडापाव यातच संपायचा. पण एकदा एका पार्टीचं बँक रिकन्सिलिएशन जुळेना आणि चूक मी शोधली. सरांनी माझं ऐकून तिथल्या तिथे पार्टीला फोन लावला. मी सीए झाले त्या दिवशी, परीक्षेचा निकाल नंतर लागला. त्या तीन वर्षांचा हिशोब तेव्हा कुणी एक्सेलवर मांडला असता तर तोही तोट्यातच दिसला असता.

लेक लॅबमध्ये जातेय. प्राध्यापिकेला पाठवायची ईमेलसुद्धा मी लिहून ठेवली होती, तिने ती न वाचता बाजूला सारली. प्राध्यापिकेचे दोन शोधनिबंध वाचले, न कळलेल्या एका आलेखाबद्दल चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

हजारो डॉलर घेऊन शाळकरी मुलांना "रिसर्च" मिळवून देणाऱ्या जाहिराती हल्ली रोज दिसतात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: प्रश्न कुणाचा आहे, मुलाचा की आपला?

तुमच्या मुलांनी असं काम केलं असेल तर अनुभव नक्की लिहा. फसलेला असेल तरी लिहा, तो जास्त उपयोगी पडतो.