टोपीवरचें विमान

नुकतीच एक सुती टोपी आमच्या पाहण्यांत आली. पुढें ऊन अडविणारी ताठ कड, कपाळावर धाग्यानें भरलेलें चार पंख्यांचें विमान, आणि खालीं नांव 'व्हायकाउंट'. पूर्वीं स्मारकें दगडांत कोरीत, आतां तीं कापडावर भरतात, एवढाच फरक, असें प्रथम वाटलें. परंतु त्या विमानाचा इतिहास आठवतां या स्मारकांतील उणीवही ध्यानांत आली.

व्हिकर्स कंपनीचें हें विमान जॉर्ज एडवर्ड्स यांच्या देखरेखीखालीं घडलें आणि १६ जुलै १९४८ रोजीं प्रथम उडालें. तोंपर्यंतच्या प्रवासी विमानांत दट्ट्यांचीं एंजिनें असत. दट्टे सारखे पुढेंमागें होत व त्यांची घरघर प्रवाशाच्या हाडांत भिने. व्हायकाउंटच्या रोल्स-रॉइस 'डार्ट' एंजिनांत तप्त वायूचा झोत एक चक्र फिरवी आणि तें चक्र दंतचक्रांच्या योगानें पंखा फिरवी. सारी गति वर्तुळाकार, म्हणून कंप फारच थोडा. समोरच्या मेजावर नाणें कडेवर उभें केलें तरी पडत नसे, असें प्रवासी सांगत. २९ जुलै १९५० रोजीं हें विमान लंडनहून पॅरिसला गेलें. टर्बाइन एंजिनाच्या विमानाची, उतारूंसह व वेळापत्रकाप्रमाणें झालेली, जगांतील ती पहिली फेरी होय.

आतां ही टोपी पडली बेसबॉलची, म्हणजे अमेरिकेची. तिच्यावर इंग्रजी विमान शोभतें काय? अवश्य शोभतें. अमेरिकेच्या कॅपिटल एअरलाइन्सनें ६० व्हायकाउंट मागविलीं व १९५५ सालीं तीं तेथें उडूं लागलीं. भारतांतही इंडियन एअरलाइन्सनें १९५७ सालीं तीं आणलीं. पुढें वेगवान जेट विमानें आलीं, आणि सुमारें ४४५ व्हायकाउंट घडविल्यावर हा कारखाना थांबला. आज डक्सफर्डसारख्या ठिकाणीं तीं संग्रहालयांत उभीं आहेत.

टोपीवर पंख आले, पंखे आले, नांवही आलें. पण लोकांनीं ज्या गुणासाठीं या विमानाची वाखाणणी केली, ती आंतली शांतता कोणत्या धाग्यानें भरावी? ती केवळ त्यांत बसलेल्यांच्या स्मरणांत आहे, आणि तीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. घरांत असे कोणी असतील तर त्यांना तो प्रवास विचारावा व त्यांचें सांगणें लिहून ठेवावें. टोपी त्यानंतर खुशाल घालावी.