मानवी तस्करी : लातूर-नांदेडच्या तरुणांनी काय ओळखावे, काय करावे?

मानवी तस्करी म्हटले की पळवून नेलेले मूल किंवा मोठ्या शहरात विकलेली मुलगी डोळ्यांसमोर येते. ते घडतेच. पण आपल्या खेड्यापाड्यांत तस्करीची सुरुवात अनेकदा इतकी साधी असते की तो गुन्हा वाटतच नाही. दसऱ्याच्या आधी मुकादम घरी येतो आणि उचल देतो. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. ओळखीची बाई मुलीला पुण्यात कामाला लावते म्हणते. परराज्यातले स्थळ येते. हुंडा नको, उलट लग्नाचा खर्च आम्हीच करू, असे सांगते.

यातली प्रत्येक गोष्ट तस्करी नव्हे. ती तस्करी कुठे होते, हे कार्यकर्त्याला कळले पाहिजे.

धम्म आणि संविधान

उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत, हे तथागतांनी अंगुत्तर निकायात सांगितले आहे. शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्यासोबत त्यात 'सत्तवणिज्जा' आहे. अट्ठकथेने त्याचा अर्थ माणसांची विक्री असा दिला आहे. म्हणजे हा विषय आपल्यासाठी नवा नाही, तो सम्यक आजीविकेचाच भाग आहे.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्यासमोर भाषण केले आणि ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष असताना, ३ डिसेंबर १९४८ रोजी, माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी घालणारे कलम संविधान सभेत चर्चेला आले. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. तेच आजचे अनुच्छेद २३. ते केवळ सरकारला नव्हे, तर शेतमालक, ठेकेदार, मुकादम अशा प्रत्येकाला लागू आहे.

कायदा काय सांगतो?

१) भारतीय न्याय संहिता, कलम १४३ : शोषणासाठी धाक, फसवणूक, आमिष किंवा सत्तेचा गैरवापर करून माणसाला नेणे, आणणे, ठेवणे ही तस्करी आहे. शिक्षा किमान ७ वर्षे. बळी अल्पवयीन असल्यास किमान १० वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. महत्त्वाचे म्हणजे, 'ती स्वतःच्या मर्जीने आली' हा बचाव चालत नाही. बळीची संमती कायद्याने गैरलागू आहे.

२) वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ : उचलीच्या किंवा कर्जाच्या बदल्यात माणसाला अडकवून ठेवता येत नाही. असे कर्ज कायद्यानेच रद्द होते. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

३) अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा : वेठबिगारी करायला लावणे हा या कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र काढून ठेवावे.

ओळखायचे कसे?

एकच प्रश्न आधी विचारा : या माणसाला उद्या काम सोडून घरी यायचे असेल, तर येता येईल का?

पुढील खुणा दिसल्या तर सावध व्हा : हिशेब विचारला की मारहाण किंवा शिवीगाळ होते. मोबाइल, आधार कार्ड किंवा बँकेचे पासबुक दुसऱ्याच्या ताब्यात आहे. आजारी पडले तरी खाडा कापतात आणि हंगाम संपला तरी 'फिटली नाही' म्हणून उचल पुढच्या वर्षावर ढकलतात. नवरा पळाला म्हणून बायको-मुलांना अडकवून ठेवले आहे. मुलगी फोनवर बोलते, पण शेजारी कोणीतरी उभे असते. कामाचा पत्ता कोणालाच नीट सांगता येत नाही.

किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करायला लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात दिला आहे.

मदत कशी करावी?

तातडीचा धोका असेल तर ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० या क्रमांकांवर फोन करा.

मूल हरवले असेल तर 'चोवीस तास थांबा' हे ऐकून घेऊ नका. गुन्हा लगेच नोंदवला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. घटना सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात घडली असली तरी आपल्या जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मजूर जिथे अडकला आहे त्या जिल्ह्यात तक्रार द्या, एक प्रत आपल्या जिल्ह्यात द्या. सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्र मागा. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांची तरतूद आहे. ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत खटल्याच्या निकालावर अवलंबून नसते.

वर्गणी काढून उचल फेडायची आणि माणूस सोडवायचा, असे करू नका. त्याने कायद्याने रद्द असलेले कर्ज आपणच मान्य करतो आणि मुकादम पुढच्या घरी जातो. पोलिसांशिवाय स्वतः धाड घालायला जाऊ नका. सुटलेल्या मुलीचे नाव किंवा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. ती परत आल्यावर 'तिथे काय झाले' हे वस्तीने विचारू नये. तिची शाळा, तिचे काम पुन्हा कसे सुरू होईल ते पाहावे.

विहारात करता येण्यासारखी दोन कामे

पहिले : १९७६ च्या कायद्यानुसार जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असते. त्यात अनुसूचित जाती-जमातीचे तीन आणि समाजकार्य करणारे दोन सदस्य स्थानिकांतून घ्यायचे असतात. आपल्याकडे समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. जागा रिकाम्या असतील तर नावे सुचवा.

दुसरे : वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला वस्ती जमते. आश्विन पौर्णिमेला सांगता होते आणि त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी एक वही करा. कोणते कुटुंब जाते, मुकादम कोण, कारखाना कोणता, उचल किती, सोबत मुले किती, फोन नंबर काय, हे लिहून घ्या. दर पंधरा दिवसांनी एक फोन करा. फोन लागला नाही तर शोध कुठून सुरू करायचा, ते त्या वहीत असेल. आणि गावात आपली कोणीतरी विचारपूस करते आहे, हे मुकादमालाही कळलेले असेल.